डाव पाँपीचा

फार्सालसच्या लढाईत पाँपीकडे सीझरच्या दुप्पट पायदळ होतं आणि सातपट घोडदळ. तरी तो हरला, आणि तेही सूर्य डोक्यावर येईपर्यंत. इ.स.पू. ४८ चा ऑगस्ट, ग्रीसमधल्या थेसलीचं सपाट मैदान, दोन्ही बाजूंना रोमन सैनिक. इतिहासाच्या पुस्तकात ही लढाई दोन-तीन पानांत उरकते. तीच लढाई टेबलावर षट्कोनी घरांचा पट पसरून, पुठ्ठ्याच्या सोंगट्या मांडून खेळायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत गाडं अडतं. सीझर ज्या युक्तीने जिंकला ती आता दोन्ही खेळाडूंना पाठ असते. मग पाँपीच्या बाजूने बसलेला माणूस आपलं घोडदळ त्या सापळ्यात कशाला घालेल?

वॉरगेम या छंदातला खरा रस मला याच प्रश्नात वाटतो. सोंगट्या देखण्या असतात, नकाशे सुंदर असतात, नियमांची पुस्तकं जाडजूड असतात. काही हौशी मंडळी तर नखं कापायच्या कटरने प्रत्येक सोंगटीचे चारही कोपरे गोल करत रात्री घालवतात. पण खेळ रचणाऱ्यापुढचं काम यापेक्षा वेगळं आणि अवघड आहे. टेबलाशी बसलेल्या खेळाडूला खऱ्या सेनापतीपेक्षा फार जास्त माहिती असते आणि त्याला फार कमी भीती वाटते. ते अज्ञान आणि ती भीती पटावर परत आणायची कशी?

आधी लढाईकडे येऊ. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली आणि यादवी पेटली. पाँपी सिनेटमधल्या बड्या मंडळींना घेऊन समुद्रापलीकडे ग्रीसला निघून गेला. पुढच्या वर्षी सीझर त्याच्या मागावर तिकडे उतरला. आजच्या अल्बानियातलं दुर्रेस म्हणजे तेव्हाचं डिराकियम. तिथे दोघांनी मैलोन्मैल तटबंद्या बांधून एकमेकांना कोंडायचा प्रयत्न केला आणि अखेर पाँपीने सीझरची फळी फोडून त्याला चांगलाच मार दिला. सीझर माघार घेत थेसलीत आला. समुद्रावर पाँपीचं आरमार होतं, सीझरची रसद तुटलेली होती, शेतात पिकत आलेल्या धान्यावर सगळी भिस्त. पाँपीला काही करायचीच गरज नव्हती. तो नुसता थांबला असता तरी उरलेलं काम भुकेने केलं असतं, आणि हे त्याला व्यवस्थित कळत होतं.

पण त्याच्या छावणीत निम्मं रोम बसलं होतं. डोमिटिअस अहेनोबार्बस त्याला ट्रॉयच्या कथेतला राजांचा राजा आगामेम्नॉन म्हणून टोमणे मारायचा. सीझरकडे असलेलं मुख्य धर्माधिकाऱ्याचं पद विजयानंतर कोणाला मिळणार, यावरून तिघांत आधीच भांडण जुंपलं होतं. या रेट्यापुढे पाँपी अखेर लढाईला उभा राहिला. सीझर लिहितो की त्या सकाळी त्याचे तंबू उतरवून झाले होते, सैन्य दुसरीकडे कूच करायच्या बेतात होतं. तेवढ्यात पाँपीची फळी रोजच्यापेक्षा छावणीपासून बरीच पुढे आलेली दिसली.

म्हणजे पाँपीची सर्वांत चांगली खेळी लढाई टाळण्याची होती, आणि ती पटावर नाहीच. डाव सुरू होतो तेव्हा तिची वेळ टळून गेलेली असते. लढाईच्या पातळीवरच्या कुठल्याही खेळाला ही मर्यादा असते. संपूर्ण यादवी खेळायची तर तिच्यासाठी वेगळे खेळ आहेत. कोलंबिया गेम्सचा २०१० मधला ‘ज्युलियस सीझर’ हा त्यातलाच. त्यात स्पेनपासून इजिप्तपर्यंतचा नकाशा असतो आणि पाँपीला खुशाल हुलकावण्या देत फिरता येतं. पण फार्सालसचा डाव मांडला की लढावंच लागतं.

पटावर लढाई खेळणं आपल्या भागातल्या माणसाला परकं वाटू नये. भारतातलं चतुरंग इराणमार्गे अरबांकडे आणि तिथून युरोपात गेलं, त्याचं आजचं बुद्धिबळ झालं. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्रुन्सविकच्या हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने त्याच बुद्धिबळाचा पट ताणून दीड हजारांहून जास्त घरांचा केला आणि डोंगर, दलदल, पाणी यांसाठी घरांना वेगवेगळे रंग दिले. प्यादी-घोड्यांच्या जागी पायदळ, घोडदळ, तोफा आल्या. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने घरंच काढून टाकली. खरा नकाशा, फासे, आणि दोन्ही बाजूंमध्ये एक पंच. खेळाडूंनी हुकूम लिहून द्यायचे आणि पंच सांगेल तेवढंच त्यांना कळायचं. हा पंच पुढच्या हौशी खेळांतून बहुतेक गळाला, आणि त्याची उणीव फार्सालसच्या डावात फार जाणवते. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा खेळ विक्रीला आणला, त्यातून अॅव्हलॉन हिल ही कंपनी उभी राहिली. १९६१ मध्ये तिच्या ‘गेटिसबर्ग’ या खेळाच्या नव्या आवृत्तीत चौकोनांच्या जागी षट्कोन आले. चौकोनी पटावर तिरकं चालणारा फुकटात जास्त अंतर कापतो. षट्कोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात, म्हणून आजही बहुतेक वॉरगेमचा पट मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसतो.

प्राचीन लढायांसाठी दोन मालिका विशेष चालल्या, दोन्ही जीएमटी गेम्सच्या. रिचर्ड बर्ग आणि मार्क हर्मन यांची ‘ग्रेट बॅटल्स ऑफ हिस्टरी’ ही बारकाव्यांची. सीझरच्या यादवी लढायांवर तिचा एक स्वतंत्र भागच आहे, आणि त्यात एक सोंगटी म्हणजे एक कोहॉर्ट, लीजन या रोमन पलटणीचा दहावा हिस्सा. रिचर्ड बोर्ग यांची २००६ पासूनची ‘कमांड्स अँड कलर्स : एन्शंट्स’ ही सुटसुटीत. लाकडी ठोकळे, पत्ते, फासे, आणि तासाभरात निकाल. तिचीही रोमन यादवीवरची पुरवणी आहे. दोन्हींत फार्सालस खेळता येतं, पण दोन्हींमध्ये ती लढाई एकसारखी नसते. का, ते बघण्यासारखं आहे.

खेळ रचणाऱ्याला पहिल्यांदा माणसं मोजावी लागतात. सीझरचा स्वतःचा आकडा असा की त्याच्या ८० कोहॉर्ट, २२,००० माणसं. पाँपीच्या ११० कोहॉर्ट, ४५,००० माणसं, शिवाय २,००० जुने अनुभवी सैनिक. घोडदळ सीझरकडे १,०००, पाँपीकडे ७,०००. भागाकार केला तर सीझरच्या कोहॉर्टमध्ये सरासरी २७५ माणसं पडतात, पाँपीच्या कोहॉर्टमध्ये ४०० च्या वर. पूर्ण भरलेली कोहॉर्ट ४८० ची. सीझरचं सैन्य झिजलेलं होतं हे खरं दिसतं. पण हे सगळे आकडे जिंकलेल्या माणसाने लिहिलेले आहेत, आणि ४५,००० हा आकडा बऱ्याच आधुनिक अभ्यासकांना फुगवलेला वाटतो. इतिहासकार तळटीप टाकून पुढे जाऊ शकतो. सोंगट्या छापायच्या असतात त्याला ती सोय नाही.

मग जागा मोजावी लागते. फ्रॉन्टिनस हा नंतरचा रोमन लेखक सांगतो की पाँपीने तीन ओळी केल्या आणि प्रत्येक ओळ दहा माणसं खोल ठेवली. एकूण खोली तीस. ४५,००० ला ३० ने भागलं तर समोरासमोर १,५०० माणसं उभी राहतात. प्रत्येकाला मीटरभर जागा धरली, आणि तुकड्यांमधल्या फटी सोडून दिल्या, तर फळी दीड किलोमीटरची. सीझरला तेवढीच लांबी झाकायची तर त्याची खोली पाँपीच्या निम्म्याहूनही कमी होणार. पटावर हे लगेच डोळ्यांत भरतं. पाँपीच्या सोंगट्यांची चळत आणि सीझरचा पातळ पापुद्रा.

हे मैदान नेमकं कुठलं, यावरही एकमत नाही. सीझर आपल्या वृत्तांतात गावाचं नाव घेत नाही आणि नदीचंही नाही. उभ्या काठांचा एक प्रवाह पाँपीच्या उजव्या बगलेला होता, इतकंच सांगतो. हा प्रवाह म्हणजे एनिपिअस हे सगळे मानतात, पण लढाई तिच्या उत्तर काठावर झाली की दक्षिण काठावर यावर वाद आहे. उत्तर काठ मानला तर पाँपीचं तोंड पूर्वेला होतं, आणि सकाळचं ऊन थेट त्याच्या माणसांच्या डोळ्यांत. दक्षिण काठ मानला तर ऊन सीझरच्या माणसांच्या डोळ्यांत. खेळ रचणारा यातून सहज सुटतो. पटाच्या एका कडेला नदी काढायची, बाकी मैदान मोकळं ठेवायचं, दिशा दाखवणारा बाण नसला तरी डाव अडत नाही. मला ही पळवाट मान्य आहे, पण ती पळवाट आहे.

आता सापळा. सीझरच्या डाव्या टोकाला नदी होती, तिथे आठवी आणि नववी लीजन एकमेकींच्या आधाराने उभ्या, कारण नववीची डिराकियमला दैना झालेली. त्यांच्यावर मार्क अँटनी. उजव्या टोकाला दहावी, सीझरची सर्वांत भरवशाची. तिच्याही उजवीकडे मोकळं मैदान, त्यात त्याचे हजार घोडेस्वार. समोर पाँपीचं जवळजवळ सगळं घोडदळ, धनुर्धारी आणि गोफणवाल्यांसह, एकाच जागी लोटलेलं. त्याची सूत्रं लाबिएनसकडे होती असं मानलं जातं. हा लाबिएनस गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, सगळ्या मोहिमांत सीझरचा उजवा हात होता. यादवी सुरू होताच तो पलीकडे गेला. बेत उघड होता. सात हजार घोड्यांनी सीझरचे हजार उडवून लावायचे आणि वळून त्याच्या पायदळाच्या पाठीत शिरायचं.

सीझरने तिसऱ्या ओळीतून एकेक करत सहा कोहॉर्ट काढल्या, त्यांची चौथी ओळ केली आणि ती उजव्या टोकामागे, घोडदळाच्या आडोशाला उभी केली. त्याच्याच सरासरीने या सहा कोहॉर्टची माणसं सोळाशे-सतराशे भरतात. प्लूटार्क आणि अॅपियन हे नंतरचे ग्रीक इतिहासकार मात्र तीन हजार म्हणतात. पाँपीचं घोडदळ सुटलं, सीझरचे घोडेस्वार मागे हटले, आणि ज्या क्षणी लाबिएनसचे लोक वळायला निघाले त्या क्षणी ही चौथी ओळ त्यांच्यावर चालून गेली. प्लूटार्कच्या म्हणण्यानुसार त्यांना भाले फेकायचे नाहीत, थेट घोडेस्वारांच्या तोंडावर मारायचे, असा हुकूम होता. सात हजार घोडे उधळले आणि टेकड्यांकडे पळाले. उघडे पडलेले धनुर्धारी आणि गोफणवाले कापले गेले. चौथी ओळ तशीच पुढे वळून पाँपीच्या डाव्या टोकाच्या पाठीत शिरली. पाँपी सीझरशी जे करणार होता, नेमकं तेच त्याच्याशी झालं.

पटावर पाँपीचा खेळाडू या सहा सोंगट्यांकडे बघत बसलेला असतो. त्याला त्या तिथे का आहेत हे ठाऊक असतं. मग तो काय करतो? घोडदळ अर्धंच पाठवतो, उरलेलं राखून ठेवतो. किंवा छावणीत पहाऱ्यावर बसवलेल्या सात कोहॉर्ट काढून घोडदळामागे उभ्या करतो. किंवा घोडदळ जागेवरून हलवतच नाही, नुसती धमकी म्हणून ठेवतो, आणि दुप्पट पायदळाने सीझरची पातळ फळी समोरून रगडतो. यातलं काहीही केलं तरी डाव पाँपीच्या बाजूला झुकतो. म्हणजे पाँपी मूर्ख होता का? अजिबात नाही. त्याला त्या सहा कोहॉर्ट दिसल्या नाहीत, एवढंच. सपाट मैदान, हजार घोड्यांची आड, ऑगस्टची कोरडी जमीन, तिच्यावरून उठणारी धूळ. खेळाडू वरून, घारीच्या उंचीवरून बघतो.

यावर निरनिराळे उपाय निघाले आहेत. सर्वांत सोपा, आणि माझ्या मते सर्वांत वाईट, म्हणजे त्या सहा कोहॉर्टना घोडदळाविरुद्ध जादा गुण देऊन टाकायचे. तसं केलं की निकाल आधीच छापून येतो आणि खेळाडूच्या हाती फक्त तो वाचायचं काम उरतं. दुसरा उपाय हुकूम आधी लिहून घेण्याचा. पाँपीने डाव सुरू व्हायच्या आत घोडदळाला काय सांगितलंय ते कागदावर लिहायचं, आणि एकदा घोडी सुटली की ती त्याच्या ताब्यात नाहीत. ज्या काळात हुकूम धावणाऱ्या माणसाच्या तोंडून, तुतारीवरून आणि निशाणांवरून जात, त्या काळाला हे शोभतं. तिसरा उपाय उभ्या ठोकळ्यांचा. कोलंबियाच्या खेळांत ठोकळ्याचं तोंड मालकाकडे असतं, पलीकडच्याला नुसती पाठ दिसते. सीझरने चौथी ओळ कुठेही लपवावी, आणि सोबत दोन-तीन कोरे ठोकळेही फिरवावेत. मला आवडतो तो हाच. कारण यात पाँपीला सापळा आहे हे माहीत असतं, कुठे आहे ते नसतं. आणि सीझरलाही लपवण्यासाठी नव्याने डोकं चालवावं लागतं, पुस्तकातली जागा चालत नाही.

चौथा उपाय सर्वांत जुना, पंचाचा. तिसरा माणूस मिळत असेल तर त्याला पंच करावं. मग पाँपीला समोर घोडदळ आणि धूळ एवढंच सांगितलं जातं. अडचण इतकीच की या छंदात दुसरा माणूस मिळतानाच मारामार, तिसरा कुठून आणायचा! पुष्कळ लोक दोन्ही बाजू स्वतःच खेळतात, आणि एकट्याने खेळताना तर स्वतःपासून काही लपवता येत नाही. तिथे फाशांवर सोपवलेलं बरं. घोडदळ वळायला निघालं की फासा टाकायचा, आणि चौथी ओळ खरोखर तिथे आहे की नाही ते तेव्हाच ठरवायचं.

घोडदळ उधळलं ते नुसत्या भाल्यांमुळे, यावर माझा विश्वास नाही. सात हजार घोडी, शिवाय पायी धनुर्धारी, सगळे एका अरुंद पट्ट्यात. सीझर म्हणतो की ते सगळे एकदम सुटले. मग पुढचे थांबले की मागचे त्यांच्यावर आदळणार, आणि एकदा गोंधळलेलं घोडदळ पुन्हा रचायला पाठीमागे मोकळी जागा लागते. बारकाव्यांच्या खेळांत एका षट्कोनात किती सोंगट्या मावतात यावर मर्यादा असते आणि मागे हटणारी तुकडी आपल्याच माणसांतून गेली की दोन्ही विस्कटतात. मला हा नियम कोरडा वाटायचा. फार्सालसला तो लागू होतो तेव्हा चौथ्या ओळीला जादा गुणांची गरज राहत नाही. घोडदळ अर्धं स्वतःच्याच गर्दीने मोडतं.

पाँपीने आपल्या पायदळाला जागेवर उभं राहून हल्ला घ्यायला सांगितलं होतं. ट्रायारिअस या आपल्या अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून, असं सीझर लिहितो, आणि हा हुकूम चुकीचा होता असंही स्पष्ट म्हणतो. त्याच्या मते धावत जाण्यात माणसाला जोर चढतो, आणि तो जोर दाबणं म्हणजे स्वतःचं नुकसान. पाँपीचा हिशोब वेगळा होता. सीझरच्या माणसांना दुप्पट अंतर धावावं लागेल, ती दमतील, रांगा तुटतील. वरून बघता तो वेडगळ नाही. फसला तो सीझरच्या जुन्या शिपायांमुळे. समोरची फळी हलत नाही हे दिसताच ते कोणी न सांगता मध्येच थांबले, दम खाल्ला, रांगा नीट केल्या आणि मग पुढे गेले. पटावर हे दाखवायला एकच आकडा लागतो, शिपायांच्या प्रतीचा. ‘ग्रेट बॅटल्स’मध्ये प्रत्येक सोंगटीवर तो छापलेला असतो. दोन तुकड्या भिडायच्या आधी फासा टाकून तिची परीक्षा होते, आणि नापास झाली तर ती पहिला घाव बसायच्या आतच खिळखिळी होते. सीझरच्या बहुतेक माणसांनी गॉलमध्ये वर्षानुवर्षं लढाया पाहिल्या होत्या, पाँपीकडे नवखे बरेच. पाँपीने खोली दहाची ठेवली तीही यामुळेच असावी. मागे नऊ जण उभे असले की पुढच्या नवख्याला पळता येत नाही.

ही प्रत किती आकड्यांनी जास्त द्यायची, हाच या लढाईवरचा खरा वाद आहे. थोडा फरक ठेवला तर पाँपीची संख्या भारी पडते. जास्त ठेवला तर सीझरला चौथ्या ओळीची गरजच उरत नाही. तेव्हा लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये असलेले फिलिप सेबिन यांनी आपल्या ‘लॉस्ट बॅटल्स’ या पुस्तकात हाच मार्ग उलटा वापरला. प्राचीन काळच्या अनेक लढायांना एकच नियमावली लावायची, आणि खरा निकाल येण्यासाठी कोणत्या सैन्याला किती वजन द्यावं लागतं ते तपासायचं. एखाद्या लढाईत फारच ओढाताण करावी लागली तर बहुधा मूळ ग्रंथातला आकडाच खोटा आहे. खेळ इथे पुराव्याची तपासणी करायचं साधन होतो. हा उपयोग मला मनोरंजनापेक्षाही मोलाचा वाटतो.

‘कमांड्स अँड कलर्स’ यातल्या फारशा भानगडीत पडत नाही. तिथे पट डावा, मधला आणि उजवा अशा तीन भागांत विभागलेला असतो, आणि हातातल्या पत्त्यावर ज्या भागाचा हुकूम असेल त्याच भागातल्या तुकड्या हलतात. ज्या बाजूचा सेनापती सरस, तिला हातात जास्त पत्ते. पाँपीच्या हातात डाव्या भागाचा पत्ताच नसेल तर सात हजार घोडी नुसती खिंकाळत उभी राहतात. पहिल्यांदा खेळताना हे अन्यायाचं वाटतं. पण फळीच्या मध्यावर उभ्या सेनापतीला किलोमीटरभर पलीकडे काय चाललंय ते कितीसं दिसत असेल?

आता भीती. पाँपीचं घोडदळ उधळलं तेव्हा त्याच्या पायदळाची बहुतेक फळी अजून जागेवर होती आणि लढत होती. मग सीझरने आतापर्यंत हात न लावलेली तिसरी ओळ आत घातली. पाँपीने मात्र घोडदळ उधळलेलं पाहताच रणांगण सोडलं होतं. तो छावणीत जाऊन बसला, आणि सीझरची माणसं तटावर चढल्यावर घोड्यावर बसून लारिसाच्या दिशेने निघून गेला. पुढच्या महिन्यात इजिप्तच्या किनाऱ्यावर त्याचा खून झाला. टेबलाशी बसलेला पाँपी असं कधीच करत नाही. घोडदळ गेलं की तो खांदे उडवतो आणि उरलेल्या चाळीसेक हजार माणसांनिशी लढत राहतो, आणि पुष्कळदा डाव बरोबरीच्या आसपास नेतो. त्याला कोणी मारणार नसतं. म्हणून चांगल्या खेळांत मेलेल्यांपेक्षा पळालेले मोजतात. ठरावीक संख्येने तुकड्या मोडल्या की बाकीचं सैन्य शाबूत असलं तरी डाव संपतो. घोडदळाच्या तुकड्यांना या मोजणीत जास्त वजन दिलं तर खेळाडूच्या पोटातही थोडा गोळा येतो.

मृतांचे आकडे या भीतीचीच साक्ष देतात. सीझर स्वतःचे २०० शिपाई आणि सुमारे ३० सेंच्युरियन, म्हणजे तुकडीनायक, गेले म्हणतो, पाँपीचे १५,००० मेले आणि २४,००० हून जास्त शरण आले म्हणतो. त्याच लढाईत सीझरच्या बाजूने असलेला असिनिअस पोलिओ पाँपीचे सैनिक सहा हजारच मेले असं सांगतो, बाकीचे छावणीत कापले गेलेले नोकरचाकर. कोणताही आकडा घ्या, समोरासमोर लढताना फार कमी माणसं मरतात आणि पाठ फिरवल्यावर फार जास्त. सेंच्युरियनचा हिशोब त्याहून बोलका आहे. कागदावरच्या रचनेनुसार कोहॉर्टला सहा सेंच्युरियन, म्हणजे सीझरच्या सैन्यात साधारण ४६ माणसांमागे एक. मेलेल्यांत मात्र आठांत एक. हे लोक पुढे राहूनच लढायचे. दहाव्या लीजनचा निवृत्त सेंच्युरियन क्रास्टिनस १२० स्वयंसेवक घेऊन सर्वांच्या पुढे धावला आणि तोंडात तलवार घुसून मेला. सीझरने त्याचं नाव आवर्जून नोंदवलं आहे. ‘कमांड्स अँड कलर्स’मध्ये तुकडीसोबत नायक जोडला की ती जास्त जोराने लढते, पण तिचा एखादा ठोकळा गेला की त्या नायकासाठीही फासे टाकावे लागतात. क्रास्टिनससारख्यांसाठी यापेक्षा मोठा नियम लागत नाही.

राहिला जिंकण्या-हरण्याचा प्रश्न. दोन्ही बाजूंना सारखी संधी द्यावी म्हणून काही मंडळी पाँपीचं सैन्य कमी करतात किंवा सीझरला सापळा रचू देत नाहीत. मला ते पटत नाही, मग ती फार्सालसची लढाईच राहत नाही. त्यापेक्षा सेबिन यांची पद्धत बरी. सैन्य आहे तसंच मांडायचं, आणि ज्याच्याकडून जी अपेक्षा होती तिच्या तुलनेत त्याने काय केलं ते मोजायचं. पाँपीचं सैन्य पटावर भारी धरलं असेल तर त्याला निसटता विजय पुरत नाही, ते दुबळं धरलं असेल तर सन्मानाने हरणंसुद्धा चालतं. माझ्या टेबलावर मी ते दुबळंच धरतो, आणि अट एवढीच ठेवतो की दुपारपर्यंत सीझरची हजारभर माणसं पडलेली असावीत आणि पाँपीची छावणी पाँपीच्याच हातात असावी.